मतमोजणीविषयक वाद

मतमोजणीविषयक वाद : निवडणुकीत पडलेली मते मोजताना कोणते मत ग्राह्य धरावे, कोणते बाद ठरवावे, पुन्हा मोजणी केव्हा करावी आणि या बाबतींतील अंतिम निर्णय कोणी द्यावा, यांसंबंधी उमेदवार व पक्ष यांच्यात निर्माण होणारे वाद. मताधिक्य मोठे असते, तेव्हा हे प्रश्न सहसा उपस्थित होत नाहीत. दोन उमेदवारांतील अंतर बाद मतांच्या संख्येपेक्षा कमी असले, म्हणजे मात्र मोजणीचा निकष हाच निकालाचा निर्णायक घटक ठरतो. अशा वेळी मागे पडलेला पक्ष मतदाराच्या हेतूचा उदार अर्थ लावण्याचा आग्रह धरतो, तर पुढे असलेला पक्ष नियमाच्या अक्षरावर बोट ठेवतो. पुढील निवडणुकीत भूमिका बदलल्या की युक्तिवादही बदलतात. म्हणून मोजणीचे निकष निवडणुकीपूर्वीच लेखी स्वरूपात निश्चित असणे आणि ते सर्व मतांना सारखेच लागू होणे, ही लोकशाही निवडणुकीची मूलभूत गरज मानली जाते.

पूर्वपीठिका : स्वतंत्र भारतातील पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१–५२ मध्ये झाली. बहुसंख्य मतदार निरक्षर असल्यामुळे प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली आणि पेटीवर त्याचे चिन्ह लावण्यात आले. मतदाराने मतपत्रिकेवर कोणतीही खूण न करता ती आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची असे. या पद्धतीत मतदाराच्या खुणेचा अर्थ लावण्याचा प्रश्न नव्हता. तथापि पत्रिका योग्य नमुन्याची आहे काय, हे प्रश्न उरतच होते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे असलेल्या एकाच मतपत्रिकेवर रबरी शिक्का उमटविण्याची पद्धत रूढ झाली. मतपेट्यांची संख्या घटली. परंतु शिक्का नेमका कोणत्या चौकटीत पडला, तो पुसट आहे काय, पत्रिकेची घडी घालताना त्याचा ठसा दुसऱ्या चिन्हावर उमटला काय, अशा नव्या वादांना जागा मिळाली.

होशंगाबाद प्रकरण : भारतातील मोजणीच्या निकषांसंबंधीचा पहिला महत्त्वाचा न्यायनिर्णय तत्कालीन मध्य प्रदेश राज्यातील होशंगाबाद लोकसभा मतदारसंघातून उद्‌भवला. त्या राज्याची राजधानी नागपूर येथे होती व विदर्भाचा प्रदेशही त्यात समाविष्ट होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हरी विष्णू कामत यांच्यावर सय्यद अहमद इसहाक यांनी १७४ मतांनी विजय मिळविला. संविधान सभेचे सदस्य राहिलेल्या कामत यांचा आक्षेप असा, की शोभापूर येथील दोन मतदान केंद्रांवर मतदारांना लोकसभेच्या मतपत्रिकांऐवजी विधानसभेसाठी छापलेल्या, वेगळ्या रंगाची पट्टी असलेल्या पत्रिका देण्यात आल्या आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने त्या मोजणीत ग्राह्य धरल्या. विहित खूण नसलेली मतपत्रिका बाद करावी, असे त्या वेळचा नियम सांगत होता. चूक मतदारांची नव्हती, कर्मचाऱ्यांची होती. परंतु या पत्रिका वगळल्यास निकाल उलटण्याइतकी त्यांची संख्या होती.

निवडणूक न्यायाधिकरणाने व त्यानंतर नागपूर उच्च न्यायालयाने कामत यांचे म्हणणे मान्य केले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर १९५४ मध्ये मात्र असा निर्णय दिला, की मतपत्रिका बाद करण्यासंबंधीचा नियम बंधनकारक असून मतदाराचा दोष होता की नव्हता, हा विचार त्यात अप्रस्तुत आहे. न्यायालयाने निवडणूक रद्द केली; मात्र कामत यांना विजयी घोषित केले नाही. कारण मतदारांनी आपले मत प्रामाणिकपणे दिले होते आणि केवळ शासकीय चुकीमुळे ते निष्फळ ठरले होते. यानंतर झालेल्या पोटनिवडणुकीद्वारे कामत १९५५ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. नियम काटेकोरपणे पाळावा, पण त्याचा भुर्दंड मतदाराला पडू नये, या दोन तत्त्वांमधील ताण या प्रकरणात प्रथमच स्पष्ट झाला.

विद्यमान नियम : निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील ५६ वा नियम मतपत्रिका बाद करण्याची कारणे सांगतो. मतदाराची ओळख पटेल अशी खूण वा मजकूर असणे; कोणतीही खूण नसणे किंवा पुरविलेल्या साधनाखेरीज अन्य साधनाने खूण केलेली असणे; एकाहून अधिक उमेदवारांना मत दिलेले असणे; मत कोणाला दिले याबद्दल संदेह राहील अशा जागी खूण असणे; पत्रिका बनावट असणे किंवा ओळखता येणार नाही इतकी फाटलेली असणे; तिचा अनुक्रमांक वा नमुना त्या मतदान केंद्राच्या पत्रिकांहून भिन्न असणे; आणि मतदान केंद्राध्यक्षाची सही व केंद्राची खूण तिच्यावर नसणे, ही ती कारणे होत. यांपैकी शेवटच्या दोन कारणांना महत्त्वाचा अपवाद जोडण्यात आला आहे. असा दोष मतदान केंद्रावरील अधिकाऱ्याच्या चुकीमुळे निर्माण झाल्याची निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची खात्री झाल्यास केवळ त्या कारणावरून पत्रिका बाद होत नाही. होशंगाबादसारख्या प्रसंगी मतदारावर होणारा अन्याय या तरतुदीने टळतो.

त्याच नियमात असेही म्हटले आहे, की खूण पुसट आहे किंवा एकाहून अधिक वेळा केली आहे, एवढ्यावरून पत्रिका बाद करू नये. विशिष्ट उमेदवारास मत देण्याचा हेतू स्पष्ट दिसत असल्यास ते मत ग्राह्य धरावे. पत्रिका बाद करण्यापूर्वी मतमोजणी प्रतिनिधींना ती पाहण्याची वाजवी संधी द्यावी लागते; मात्र त्यांना तिला हात लावता येत नाही. बाद पत्रिकेवर बाद केल्याचे कारण नोंदविले जाते. अशा रीतीने हेतूचा निकष व स्वरूपाचा निकष हे दोन्ही एकाच नियमात शेजारीशेजारी नांदतात आणि त्यांच्या सीमारेषेवर पडणाऱ्या पत्रिकांबाबत वाद होतात.

अन्य देशांतील उदाहरणे : हा ताण केवळ भारतापुरता मर्यादित नाही. ब्रिटनमध्ये मे १९९७ च्या निवडणुकीत विंचेस्टर मतदारसंघात लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे मार्क ओटन हे हुजूर पक्षाच्या जेरी मलोन यांच्यापेक्षा अवघ्या दोन मतांनी पुढे राहिले. केंद्रावरील कर्मचाऱ्यांनी अधिकृत शिक्का न मारल्यामुळे बाद झालेल्या पत्रिकांची संख्या या अंतरापेक्षा जास्त होती. न्यायालयाने निवडणूक रद्द केली. नोव्हेंबर १९९७ मधील पोटनिवडणुकीत मतदारांनी ओटन यांनाच २१,५५६ मतांच्या आधिक्याने निवडून दिले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल फ्लॉरिडा राज्यावर अवलंबून राहिला. तेथील अनेक परगण्यांत मतपत्रिकेला छिद्र पाडून मत देण्याची पद्धत होती. छिद्र पूर्ण पडले नाही, कागदाचा तुकडा एका कोपऱ्याने लटकत राहिला किंवा नुसता खळगा पडला, तर यंत्र ते मत मोजत नसे. मतदाराचा स्पष्ट हेतू पाहावा, एवढेच राज्याचा कायदा सांगत होता. तो हेतू कशावरून ओळखावा, याचा एकसारखा निकष नव्हता. एका परगण्यात खळगाही मत म्हणून मोजला जाई, दुसऱ्यात मोजला जात नसे. डेमोक्रॅटिक पक्षाने हाताने फेरमोजणीचा, तर रिपब्लिकन पक्षाने ती थांबविण्याचा आग्रह धरला. १२ डिसेंबर २००० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोजणीतील ही असमानता समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग करणारी असल्याचे मत सात विरुद्ध दोन असे नोंदविले आणि पाच विरुद्ध चार अशा बहुमताने फेरमोजणी थांबविली. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे ५३७ मतांचे आधिक्य कायम राहिले.

फेरमोजणी : भारतात मोजणी संपल्यावर व निकाल जाहीर होण्यापूर्वी उमेदवारास किंवा त्याच्या प्रतिनिधीस ६३ व्या नियमान्वये फेरमोजणीसाठी कारणांसह लेखी अर्ज करता येतो. निवडणूक निर्णय अधिकारी तो पूर्णतः वा अंशतः मान्य करू शकतो किंवा निरर्थक व अवाजवी वाटल्यास फेटाळू शकतो. मात्र निर्णयाची कारणे त्याला लेखी नमूद करावी लागतात. निकाल घोषित झाल्यावर हा मार्ग बंद होतो आणि निवडणूक याचिका हाच एक उपाय उरतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार ती ४५ दिवसांत दाखल करावी लागते. प्रारंभी अशा याचिका निवडणूक न्यायाधिकरणांपुढे चालत. १९६६ च्या सुधारणेने हे अधिकार उच्च न्यायालयांकडे आले. मत अयोग्य रीतीने स्वीकारले वा नाकारले गेले, एवढे सिद्ध करणे पुरेसे नसते. त्यामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला, हेही दाखवावे लागते.

न्यायालयांनी फेरमोजणीबाबत सावध धोरण स्वीकारले आहे. मतपत्रिका पुन्हा उघडल्यास मतदानाच्या गुप्ततेला बाध येण्याचा धोका असतो आणि प्रत्येक पराभूत उमेदवाराला नशीब अजमावण्याची संधी मिळाल्यास कोणताही निकाल स्थिर राहणार नाही, ही त्यामागील कारणे आहेत. मताधिक्य अल्प आहे, एवढ्याच कारणावरून फेरमोजणीचा आदेश दिला जात नाही. कोणत्या मेजावर, कोणती मते, कोणत्या कारणाने चुकीची मोजली गेली, यासंबंधीची मूलभूत वस्तुस्थिती याचिकेत मांडावी लागते व तिच्या पुष्ट्यर्थ प्रथमदर्शनी पुरावा द्यावा लागतो.

मध्य प्रदेशातील मोरेना विधानसभा मतदारसंघाच्या १९६२ च्या निवडणुकीत पहिल्या मोजणीत मागे असलेले जबरसिंग फेरमोजणीनंतर गेंदालाल यांच्यापेक्षा दोन मतांनी पुढे गेले. गेंदालाल यांच्या याचिकेत काही मतांची तपासणी झाल्यावर, उलट पक्षाचीही चुकीने ग्राह्य धरलेली मते तपासावीत, असे जबरसिंग यांचे म्हणणे पडले. सर्वोच्च न्यायालयाच्या संविधानपीठाचा बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. विजयी उमेदवाराने विहित मुदतीत प्रत्यारोपाची सूचना दिली नसेल, तर त्याला प्रतिपक्षाच्या मतांवर असा आक्षेप घेता येत नाही, असे त्यात ठरले. न्यायमूर्ती अय्यंगार यांचे मत भिन्न होते. खरे बहुमत कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयात कोणी काय व केव्हा मागितले यावर अवलंबून राहते, हा निवडणूक कायद्याचा विशेष या निर्णयाने अधोरेखित झाला.

संशयाचे स्वरूप कधीकधी तांत्रिक कल्पनांपर्यंत गेले. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीनंतर दक्षिण दिल्लीतील पराभूत उमेदवार बलराज मधोक यांनी मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केलेली असून मतदाराचा शिक्का नाहीसा होऊन आधीच उमटविलेला अदृश्य शिक्का प्रकट झाला, असा आरोप केला. काही पत्रिकांची नमुनादाखल तपासणी करण्यास सर्वोच्च न्यायालयाने अनुमती दिली. आरोप सिद्ध झाला नाही. तथापि आरोप कितीही असंभाव्य वाटला, तरी त्याची मर्यादित व नियंत्रित तपासणी करणे हे लोकांच्या विश्वासाच्या दृष्टीने हितावह ठरते, असा या प्रकरणाचा अर्थ लावता येतो.

समसमान मते व एका मताचे अंतर : दोन उमेदवारांना सारखीच मते पडल्यास चिठ्ठ्या टाकून निर्णय करण्याची तरतूद आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत २२० क्रमांकाच्या प्रभागात प्रथम शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर पुढे होते. भारतीय जनता पक्षाचे अतुल शहा यांनी फेरमोजणी मागितली. अखेर दोघांची मते प्रत्येकी ५,९४६ अशी समान भरली व चिठ्ठीत शहा विजयी झाले. कर्नाटकात संतेमरहळ्ळी येथे २००४ मध्ये आणि राजस्थानात नाथद्वारा येथे २००८ मध्ये विधानसभेच्या जागांचा निकाल एकेका मताने लागला. नाथद्वाराच्या वादात प्रदत्त मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या नावावर आधीच कोणी मतदान करून गेल्याचे मतदाराला आढळल्यास त्याला वेगळी मतपत्रिका दिली जाते. तिला प्रदत्त मत म्हणतात. ती मोहोरबंद लखोट्यात स्वतंत्र ठेवली जाते व नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. अटीतटीच्या निवडणुकीत हे लखोटेच वादाचा विषय होतात.

मतदान यंत्रे : इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राचा पहिला वापर केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघात १९८२ मध्ये पन्नास केंद्रांवर झाला. तेथे सिवन पिळ्ळै हे ए. सी. जोस यांच्यापेक्षा १२३ मतांनी विजयी झाले. कायद्यात यंत्राची तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्या केंद्रांवरील मतदान रद्द ठरवून फेरमतदानाचा आदेश दिला व त्यात जोस विजयी झाले. १९८९ मध्ये ६१ क हे कलम अंमलात येऊन यंत्रांना वैधानिक आधार मिळाला. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व मतदारसंघांत यंत्रांद्वारे मतदान झाले.

यंत्रामुळे पुसट शिक्के, दोन चौकटींमधील ठसे व त्यांवरून होणारे वाद संपले. त्यांची जागा यंत्राने मत अचूक नोंदविले काय, या प्रश्नाने घेतली. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदारास पडताळता येईल अशा कागदी चिठ्ठीची आवश्यकता मान्य केली. कागदी चिठ्ठ्या व यंत्रातील आकडे यांत तफावत आढळल्यास चिठ्ठ्यांची मोजणी अंतिम मानावी, असे ५६ घ हा नियम सांगतो. किती चिठ्ठ्या मोजाव्यात, हा वादाचा मुद्दा राहिला. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याचा आदेश दिला. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळताना दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना पाच टक्के यंत्रांच्या तपासणीची मागणी करण्याचा मार्ग खुला केला.

टपाली मते : यंत्रयुगात कागदावरील मतांचे जुने वाद मुख्यतः टपाली मतपत्रिकांपुरते उरले. मतदाराचे घोषणापत्र सोबत नसणे, त्यावर सही वा साक्षांकन नसणे, घोषणापत्रावरील व लखोट्यावरील अनुक्रमांक न जुळणे, या कारणांनी त्या बाद होतात. गुजरातमधील ढोळका मतदारसंघात २०१७ मध्ये भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी विजयी झाले. त्या मोजणीत ४२९ टपाली मते बाद झाली होती. गुजरात उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ही निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच त्या निर्णयास स्थगिती दिली. मताधिक्य बाद टपाली मतांहून कमी असल्यास अशा सर्व बाद पत्रिका निकालापूर्वी पुन्हा तपासाव्यात, असा निर्वाचन आयोगाचा निर्देश आहे.

महाराष्ट्रात या निर्देशाची कसोटी २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात लागली. एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखालील शिवसेनेचे रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४, तर शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते मिळाली. यंत्रांवरील मतांत कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांनी ४८ मतांचा निकाल वायकरांकडे झुकला. बाद झालेल्या १११ टपाली पत्रिकांची पुनर्तपासणी झाली. प्रदत्त मतांची संख्या ३३३ असल्याकडे याचिकेत लक्ष वेधण्यात आले, आणि फेरमोजणीची मागणी निकालाच्या घोषणेपूर्वी झाली की नंतर, हाही वादाचा मुद्दा होता. आवश्यक ती मूलभूत वस्तुस्थिती पुरेशी मांडलेली नसल्याने मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्य येथे १६२ व साकोली येथे २०८ मतांचे अंतर राहिले.

खुले मतदान व पसंतीक्रम : राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार पसंतीक्रमाने मत देतात. २००३ च्या सुधारणेने हे मतदान खुले झाले. आमदाराने आपली मतपत्रिका स्वपक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीस दाखवावयाची, अन्य कोणास दिसल्यास ती बाद होते. या निकषावरून ऑगस्ट २०१७ मध्ये गुजरातेत काँग्रेसच्या दोन आमदारांची मते आयोगाने बाद केली व अहमद पटेल निवडून आले. हरियाणात २०१६ मध्ये पुरविलेल्या लेखणीखेरीज अन्य शाईने खूण केल्यामुळे बारा मते बाद होऊन निकाल पालटला होता.

१० जून २०२२ रोजी महाराष्ट्रात सहा जागांसाठी सात उमेदवार उभे होते. राज्यात दोन दशकांहून अधिक काळानंतर अशी लढत होत होती. भारतीय जनता पक्षाने जितेंद्र आव्हाड, यशोमती ठाकूर व सुहास कांदे यांच्या मतांवर आक्षेप घेतला. महाविकास आघाडीनेही सुधीर मुनगंटीवार व रवी राणा यांच्या मतांविरुद्ध तक्रार केली. मोजणी कित्येक तास खोळंबली. चित्रीकरण पाहून आयोगाने केवळ कांदे यांचे मत बाद ठरविले आणि मध्यरात्रीनंतर मोजणी सुरू झाली. मतदान केलेल्या २८५ आमदारांपैकी २८४ मते वैध ठरली. अशा मोजणीत प्रत्येक मताचे मूल्य १०० धरून एकूण मूल्यास जागांपेक्षा एकाने अधिक संख्येने भागतात व येणाऱ्या पूर्णांकात एक मिळवितात. त्यामुळे विजयासाठी लागणारा कोटा ४,०७२ ऐवजी ४,०५८ झाला. पहिल्या पसंतीच्या मतांत सहाव्या जागेचे दावेदार संजय पवार यांना ३३, तर धनंजय महाडिक यांना २७ मते होती. मात्र पीयूष गोयल व अनिल बोंडे यांची अतिरिक्त मते हस्तांतरित झाल्यावर महाडिक विजयी झाले.

जालना जिल्हा : जाफराबाद तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्थापन झाल्यावर त्यात आला. विधानसभेसाठी तो भोकरदन मतदारसंघात व लोकसभेसाठी जालना मतदारसंघात मोडतो. जाफराबादच्या मतदाराला मोजणीच्या दोन्ही पद्धतींचा अनुभव येतो : विधानसभा व लोकसभेसाठी तो यंत्रावर मत देतो, तर मराठवाड्याच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत नोंद असल्यास कागदावर पसंतीक्रम लिहितो. तेथे १ हा अंक न लिहिलेली, तो एकाहून अधिक नावांसमोर लिहिलेली वा ओळख पटेल अशी खूण असलेली पत्रिका बाद होते. शिकलेल्या मतदारांची मतेही या कारणांनी वाया जातात.

जिल्ह्यातील सर्वांत गाजलेला निवडणूक वाद शेजारच्या जालना विधानसभा मतदारसंघातील आहे. २०१४ मध्ये शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांना ४५,०७८, तर काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२ मते मिळाली. अंतर २९६ मतांचे होते. आक्षेप मोजणीवर नव्हे, तर मुदतीवर होता. २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीन ही नामनिर्देशनपत्रे दाखल करण्याची अंतिम वेळ होती आणि खोतकरांची पत्रे त्यानंतर स्वीकारली गेली, असे गोरंट्याल व एका मतदाराने याचिकांत मांडले. निवडणूक कार्यालयातील चित्रीकरण हा मुख्य पुरावा होता. परंतु त्यासोबत लागणारे प्रमाणपत्र मागूनही मिळाले नव्हते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली.

१४ जुलै २०२० रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने अपिले फेटाळली. भारतीय पुरावा अधिनियमाच्या ६५ ख कलमाखालील प्रमाणपत्र इलेक्ट्रॉनिक अभिलेखासाठी अनिवार्य आहे, असे तत्त्व त्यात घालून देण्यात आले. मात्र अन्य पुराव्यावरून, विशेषतः निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या साक्षीवरून, उशीर सिद्ध होत असल्याने उच्च न्यायालयाचा निष्कर्ष कायम राहिला. तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपून २०१९ ची निवडणूकही झाली होती आणि तीत गोरंट्याल विजयी झाले होते. जालन्यातील काही मिनिटांच्या उशिरावरून निर्माण झालेल्या या निर्णयाने देशभरातील दिवाणी व फौजदारी खटल्यांतील इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा नियम निश्चित केला. १ जुलै २०२४ पासून या विषयाची तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आहे. तथापि खुद्द मतदारांच्या दृष्टीने न्याय हाती आला, तो मुदत उलटून गेल्यावर.

गावाच्या मताची गुप्तता : मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजता येत, त्यामुळे कोणत्या गावाने कोणाला मत दिले, हे झाकले जाई. यंत्रे एकेक करून मोजली जातात व केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. लहान गावात एकच केंद्र असल्यास साऱ्या गावाचा कौल उघड होतो आणि विजयी वा पराभूत पुढाऱ्याचा राग गावावर निघण्याची भीती राहते. अनेक यंत्रांतील मतांची बेरीज एकत्रच दाखविणारे संकलन यंत्र वापरावे, अशी सूचना निर्वाचन आयोगाने केली व विधी आयोगाने २०१५ मध्ये तिला पाठिंबा दिला. ती अंमलात आलेली नाही. केंद्रनिहाय आकड्यांची दुसरी बाजू अशी, की त्यांवरूनच मोजणीची पडताळणी शक्य होते. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी येथे २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत गावातील आकड्यांवर विश्वास न बसल्याने काही ग्रामस्थांनी डिसेंबरमध्ये मतपत्रिकांवर स्वतःच मतदान घेण्याचे ठरविले; प्रशासनाने ते होऊ दिले नाही. विशेष म्हणजे मतदारसंघात ज्या उमेदवाराचा विजय झाला, त्याच्याच समर्थकांचा हा आक्षेप होता.

मूल्यमापन : मोजणीच्या वादांत तीन हितसंबंधांचा समतोल साधावा लागतो : मतदाराचा खरा कौल, मतदानाची गुप्तता आणि निकालाची अंतिमता. काटेकोर नियमाने अधिकाऱ्याच्या लहरीला आळा बसतो, पण निरपराध मतदाराचे मत वाया जाऊ शकते. उदार नियमाने मत वाचते, पण ते वाचविण्याचा अधिकार मोजणाऱ्याच्या हाती जातो. तो अधिकार किती घातक ठरू शकतो, हे चंडीगढच्या महापौरपदाच्या ३० जानेवारी २०२४ रोजी झालेल्या निवडणुकीत दिसले. पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद ठरवून १६ मते मिळालेल्या उमेदवारास १२ मते मिळालेल्या उमेदवाराविरुद्ध विजयी घोषित केले. त्या पत्रिकांवरील खुणा त्याने स्वतःच केल्याचे चित्रीकरणावरून दिसून आले. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२४ रोजी मूळ मतपत्रिका मागवून पाहिल्या, आठही मते वैध ठरविली आणि कुलदीपकुमार यांना २० मतांनी निर्वाचित घोषित केले. हा निर्णय तीन आठवड्यांत लागला. मतपत्रिका जपून ठेवलेल्या होत्या, चित्रीकरण उपलब्ध होते आणि बाद करण्याची कारणे नियमात मोजकीच होती, म्हणून तो शक्य झाला. निकष पूर्वनिश्चित असणे, प्रत्येक बाद मताची नोंद सकारण राहणे आणि तक्रारीचा निर्णय पदाची मुदत संपण्यापूर्वी मिळणे, या तीन गोष्टींवर पराभूत पक्षाने निकाल मान्य करणे अवलंबून असते.